चष्म्याची भिंगे घडविणारी यंत्रे

काचेच्या किंवा प्लॅस्टिकाच्या तबकडीस ठराविक वक्रता देऊन तिचे चष्म्याच्या भिंगात रूपांतर करणाऱ्या यंत्रांचा या नोंदीत विचार केला आहे. भिंग कसे असावे, हे गणिताने बहुधा आधी सांगितले. ते घडविणारे यंत्र मात्र पुष्कळदा उशिरा आले. या अंतरामुळे काही दृष्टिदोषांवरील उपाय माहीत असूनही दीर्घकाळ थोड्यांनाच मिळू शकला.

हस्तव्यवसायाचा काळ : चष्म्याचा उगम तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत झाला. चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षे झालेली नाहीत, असा उल्लेख जोर्दानो दा पीसा या धर्मोपदेशकाच्या १३०६ मधील फ्लॉरेन्स येथील प्रवचनात आढळतो. त्या वेळी धातूच्या खोलगट साच्यात वाळू वा एमरीची ओली पूड घालून काच हाताने घासत. नंतर आणखी बारीक पूड वापरून तिला चकाकी आणीत. दोन पृष्ठे एकमेकांवर सर्व दिशांनी घासली असता ती आपोआप गोलाकार होत जातात. कारण प्रत्येक स्थितीत परस्परांशी जुळणारे पृष्ठ गोलाचे (किंवा सपाट) असते. या भौमितिक गुणधर्मामुळे साध्या साधनांनीही कामचलाऊ गोलीय भिंग होऊ शकले. तथापि एका वेळी एकच भिंग घासले जाई व त्याची अचूकता कारागिराच्या हातावर अवलंबून राही.

डुंकर यांचे यंत्र : प्रशियातील राटेनो येथील धर्मोपदेशक योहान हाइनरिख आउगुस्ट डुंकर (१७६७–१८४३) यांना १८०१ मध्ये अनेक भिंगे एकदम घासणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळाले. एकाच हातदांड्याने अनेक आस फिरवून या यंत्रावर ११ भिंगांवर एकाच वेळी काम करता येई. सर्व भिंगांना सारखीच गती मिळत असल्याने त्यांच्या दर्जात एकसारखेपणा आला. डुंकर यांनी आपल्या उद्योगात युद्धात अपंग झालेले सैनिक व अनाथ मुले यांना काम दिले. दीर्घ उमेदवारी केलेल्या कारागिराचे कौशल्य यंत्रात उतरल्यामुळेच हे शक्य झाले.

अबिंदुकतेचा प्रश्न : टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील अबिंदुकतेचे वर्णन केले. जॉर्ज बिडेल एअरी यांनी १८२५ च्या सुमारास याच दोषावर दंडगोलाकार पृष्ठाचे भिंग करवून घेतले. या पृष्ठाची वक्रता दोन काटकोनी दिशांत भिन्न असते. ते साच्यात गोल फिरविल्यास हा भेद नाहीसा होतो. म्हणून त्यास न वळू देता केवळ मागेपुढे घासणारी यंत्रणा लागते. फ्रान्स डाँडर्स यांच्या १८६४ मधील ग्रंथामुळे दृष्टिदोषांच्या मापनास शास्त्रीय बैठक लाभली आणि अशा भिंगांची मागणी वाढली.

हिरकयुक्त चाक : विसाव्या शतकात वाटीच्या आकाराचे, काठावर हिऱ्याचे कण बसविलेले चाक वापरात आले. हे चाक तिरपे धरून त्याच्या काठाखाली भिंग स्वतःभोवती फिरविले असता गोलीय पृष्ठ मिळते व तिरपेपणा बदलला की वक्रता बदलते. उदा., ८० मिमी. व्यासाच्या चाकाने १०० मिमी. त्रिज्येचे पृष्ठ घडविण्यास सु. २३.६°, तर २०० मिमी. त्रिज्येसाठी सु. ११.५° कोन लागतो. एकाच हत्याराने अनेक वक्रता घडविता येऊ लागल्या, ही मोठी सोय झाली. मात्र दोन भिन्न वक्रतांचे पृष्ठ कापताना चाकाच्या तिरप्या वर्तुळामुळे लंबवर्तुळाकार त्रुटी राहते. ती घालविण्यास व चकाकी देण्यास स्वतंत्र साचे लागतच. ३ ते ९ डायॉप्टर या पल्ल्यात ०.१२५ च्या टप्प्याने ४९ वक्रता होतात. प्रत्येकीस ० ते ४ डायॉप्टर फरकाच्या ०.२५ च्या टप्प्यातील १७ पायऱ्या जोडल्यास ८३३ साचे होतात. इतका संग्रह बाळगणे लहान कर्मशाळेस परवडण्यासारखे नव्हते.

प्लॅस्टिक व चढत्या शक्तीची भिंगे : अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात सीआर-३९ या प्लॅस्टिकाची भिंगे निघाली. नेहमीच्या चष्म्याच्या काचेच्या मानाने त्यांचे वजन सु. निम्मे भरते. काचेच्या दोन साच्यांमधील पोकळीत द्रव ओतून तो उष्णतेने घट्ट करतात. त्यामुळे अचूकतेचा भार भिंगावरून साच्यावर गेला. फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ यांनी चढत्या शक्तीचे ‘व्हॅरिलक्स’ हे भिंग १९५९ मध्ये बाजारात आणले. त्याच्या पृष्ठाची वक्रता वरून खाली सतत बदलत असल्याने ते परंपरागत घासण्याने होणे अशक्य होते व त्यासाठी वेगळी यंत्रे तयार करावी लागली.

संगणकीय यंत्रे : २००० च्या सुमारास मुक्त आकाराची पृष्ठे कापणारी यंत्रे प्रचारात आली. त्यांत भिंग वेगाने फिरत असताना हिऱ्याचे टोक संगणकाच्या आज्ञेप्रमाणे पुढेमागे सरकते. दोन भिन्न वक्रतांच्या पृष्ठासाठी प्रत्येक फेऱ्यात ते दोनदा आत-बाहेर होते. पृष्ठाशी जुळवून घेणाऱ्या मऊ हत्याराने चकाकी दिली जाते. त्यामुळे शेकडो साच्यांची गरज उरत नाही व प्रत्येक व्यक्तीच्या डोळ्यांस आणि चौकटीस अनुरूप भिंग घडविता येते. मात्र अशी यंत्रे महाग असल्यामुळे हे काम मोठ्या केंद्रांत एकवटण्याकडे कल झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील दृष्टिविषयक अहवालानुसार, चाळिशीमुळे जवळचे नीट न दिसणाऱ्या आणि त्यावर उपाय न मिळालेल्या व्यक्तींची संख्या ८२.६ कोटी होती. चाळिशीस लागणारे साधे बहिर्गोल भिंग हे सर्वांत जुने व घडविण्यास सर्वांत सोपे होय. यावरून भिंग घडविण्याची अडचण यंत्रांनी पुष्कळ अंशी दूर केली असली, तरी डोळ्यांची तपासणी व चष्मा गरजूपर्यंत पोहोचविण्याचे काम अद्याप अपुरे आहे, हे स्पष्ट होते.