जुन्या वस्त्राचा व्यापार : संज्ञा, प्रकार आणि मूल्यविचार

'जुने वस्त्र' या संज्ञेत दोन भिन्न गुण नकळत एकत्र केले जातात. पहिला गुण वापराचा : वस्त्र अंगावर घातले गेले आहे. दुसरा हस्तांतराचा : ते एका स्वामीकडून दुसऱ्याकडे गेले आहे. हे गुण परस्परांवर अवलंबून नाहीत. घरातल्या विटक्या शर्टाचे फडके होते तेव्हा वापर असतो, हस्तांतर नसते. ओटीत मिळालेला ब्लाउजपीस मात्र एका घरच्या हळदीकुंकवातून दुसऱ्या घरच्या डोहाळजेवणात जातो आणि कात्रीचा स्पर्श न होता वर्षानुवर्षे फिरत राहतो; तेथे हस्तांतर पुष्कळ आणि वापर शून्य. (तो फिरत फिरत मूळ घरी परत येतो, हेही गृहिणींना ठाऊक असते, बोलून कोणी दाखवीत नाही.) प्रस्तुत विवेचनात ज्या वस्त्राच्या ठायी दोन्ही गुण आहेत त्यालाच 'जुने' म्हटले आहे.

या व्याख्येने एक मोठा बाजार विषयाबाहेर जातो. मुंबईत महात्मा गांधी मार्गावरील 'फॅशन स्ट्रीट'ची ख्याती ज्या मालावर उभी राहिली, तो निर्यातीसाठी शिवलेला, पण शिवणीतील दोषामुळे नाकारलेला किंवा मागणीपेक्षा अधिक निघालेला माल होता. त्याचे लेबल कापलेले असते, किंमत स्वस्त असते, म्हणून ग्राहक त्याला जुन्याच्या पंक्तीत बसवतो. परंतु तो कोणीही वापरलेला नाही. स्वस्ताईची कारणे दोन असू शकतात, नकार आणि वापर. येथे दुसऱ्याचाच विचार कर्तव्य आहे.

आता मूल्याचा प्रश्न. सामान्य समजूत अशी की वापरागणिक वस्त्राचे मूल्य घटत जाते आणि शेवटी शून्यास पोचते. मायकेल थॉम्पसन यांनी 1979 साली 'रबिश थिअरी' या ग्रंथात वस्तूंचे तीन वर्ग मांडले : ज्यांचे मूल्य काळाबरोबर घटते त्या, ज्यांचे वाढते त्या, आणि या दोहोंमधला मूल्यहीन कचरा. त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म असे की पहिल्या वर्गातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग या कचऱ्यातूनच जातो. हे मान्य केले तर पुढचा प्रश्न अटळ ठरतो : शून्यातून वस्तूला बाहेर काढणारी क्रिया कोणती? जुन्या वस्त्रापुरते त्याचे उत्तर 'निवड' हे आहे. निवड म्हणजे वस्त्राचा पुढचा उपयोग कोणता हे ओळखून त्याला त्या ढिगात टाकणे. वस्त्र तेच राहते. ढीग बदलला की किंमत बदलते.

निवडीचा प्रथम टप्पा घराच्या उंबऱ्यावर घडतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण हा महाराष्ट्रातील नागर जीवनाचा परिचित घटक आहे. मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः मूळच्या गुजरातकडील वाघरी समाजातील स्त्रियांच्या हाती राहिला. हा समाज स्वतःस देवीपूजक म्हणवतो. येथे विनिमय पैशात न होता भांड्यात का होतो, याची कारणे दोन संभवतात. (1) अर्थशास्त्रीय कारण : बोहारीण भांडे घाऊक दराने आणते आणि गृहिणी त्याचे मोल किरकोळ दराने करते. या अंतरात बोहारणीचा पहिला नफा आहे, कपड्याच्या विक्रीतला नफा दुसरा. (2) नैतिक कारण : अंगावरचे कपडे विकून पैसे घेणे कुटुंबाला कमीपणाचे वाटते. कपडे देऊन पातेले घेणे ही विक्री वाटत नाही. घरातली एक वस्तू गेली, दुसरी आली. माझ्या मते हे दुसरे कारण अधिक बलवान आहे, कारण पैशाचे चलन सर्वत्र रुळल्यावरही ही देवघेव टिकून राहिली. येथे एक समांतर उदाहरण नोंदवावे. 1999 साली अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेली 'गूंज' ही संस्था शहरातले कपडे खेड्यांत नेते, पण गावाने विहीर, रस्ता, बांध असे सामुदायिक काम केल्याचा मोबदला म्हणून ते देते. देणाऱ्याला विक्रीची लाज वाटते तशी घेणाऱ्याला दानाची वाटते. दोघांचीही सोडवणूक विनिमयाने होते.

बोहारीण बोचके सोडते तेव्हा ती काय पाहते? तिच्या परीक्षेचे तीन निकष मानता येतात.

पहिला निकष, शिवलेले की न शिवलेले. शिवलेले वस्त्र एका देहाच्या मापाला बांधलेले असते. त्याला दुसरा तेवढाच देह शोधावा लागतो. ब्लाउज हे याचे टोक. उलट साडी, धोतर, उपरणे ही वस्त्रे वापरानंतरही कापडच राहतात. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे 8.2 मीटर सलग कापड. मधला भाग विरला तरी दोन्ही टोकांना उपयुक्त कापड शिल्लक असते. दुसरा निकष, पुढचा धारक कोण. जुन्या बाजारातला मोठा ग्राहक अंगमेहनतीचे काम करणारा पुरुष आहे, म्हणून जाड पँटला शर्टापेक्षा मागणी अधिक. तिसरा निकष तंतूचा, आणि तो सर्वांत निर्णायक आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरा टप्पा बाजाराचा. दिल्लीत रघुबीर नगरमध्ये हा बाजार पहाटे अंधारातच भरतो. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराचे दिवस रविवार आणि बुधवार. घरातून आलेला आणि विक्रीला मांडलेला कपडा यांच्या दरम्यान धुणे, रफू, बटण लावणे, चेन बदलणे आणि इस्त्री या क्रिया घडतात. पूर्वी शर्टाची घासलेली कॉलर उसवून उलटी लावली जाई. जाणता ग्राहकही हीच स्थळे तपासतो : कॉलरची कड, काख, गुडघा, बैठक, पायाची मुडप. म्हणजे विक्रेत्याची दुरुस्ती आणि ग्राहकाची शंका एकाच नकाशावर चालतात.

तिसरा टप्पा अंतिम उपयोगाचा. त्याचे प्रकार पाच : पुन्हा परिधान, पुनर्रचना, चिंधी, तंतूकरण आणि धातुप्राप्ती. पहिल्याविषयी वर आलेच आहे. पुनर्रचनेत गोधडी येते, बाळाची दुपटी आणि लंगोटही. त्यासाठी वापराने मऊ झालेले लुगडेच हवे असते, अर्थात येथे जीर्णता हाच गुण ठरतो. चिंधी गॅरेज, कारखाना, छापखाना येथे यंत्रे पुसण्यासाठी जाते.

तंतूकरणाचे भारतातील केंद्र हरियाणातले पानिपत. लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची युक्ती यॉर्कशरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने 1813 साली काढली, असे मानले जाते. पानिपतचा उद्योग त्याच तत्त्वावर चालतो. बटणे, चेन, अस्तर काढून कपडे रंगानुसार वेगळे करतात. हे वर्गीकरण नेमके झाले तर सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. म्हणजे निवड करणाऱ्या हातांनी रंगाऱ्याचा खर्च वाचवलेला असतो. आयातीच्या नियमांतही वर्गीकरण दिसते, पण ते उपयोगानुसार. परदेशातून वापरलेले कपडे आणण्यावर भारतात निर्बंध आहेत. फाडून, चिरून निरुपयोगी केलेल्या चिंध्यांना मात्र वाट मोकळी आहे. पुन्हा अंगावर येईल ते अडवायचे आणि तंतू होईल ते सोडायचे, असा हा भेद. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुने कपडे निवडले जातात आणि त्यांतला बराच भाग आफ्रिकेकडे पुन्हा रवाना होतो.

धातुप्राप्तीचा प्रकार संख्येने अल्प, पण विचाराला सर्वांत उपकारक. खरी जर म्हणजे रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जुने जरीचे काठ जाळले की कापड जाते, चांदी उरते. जर घेणारा म्हणूनच साडीची नक्षी पाहत नाही, वजन पाहतो. आता तीच पैठणी दुसऱ्या निवडणाऱ्याच्या हाती पडली असे समजा. तो पदर उलटून पाहतो. हातमागावर टेपेस्ट्री पद्धतीने विणलेल्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबत नाहीत, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. ही खूण पटली की तो काठ-पदर सोडवून नव्या कापडावर चढवतो किंवा साडी वारसा म्हणून जपली जाते. एकच वस्तू, एकच अवस्था. एका निवडीत भट्टी, दुसऱ्या निवडीत पेटी. मूल्य वस्तूच्या अंगी असते तर हा भेद संभवला नसता.

स्थानिक फॅशनच्या खरेदीचे आजचे रूप याच तर्काने समजते. खण हे कापड मुख्यतः कर्नाटकातील गुळेदगुड्डचे. महाराष्ट्रात ते चोळीसाठी आणि ओटीसाठी येई आणि शहरी तरुणींनी ते आजीचे म्हणून बाजूला ठेवले होते. अलीकडे त्याच्या साड्या, कुर्ते, पर्स निघाल्या. जुन्या इरकलीचे झगे शिवले जातात, काठपदराची जाकिटे होतात. हा पूर्वीच्या पुनर्रचनेचाच प्रकार आहे. बदल इतकाच की गोधडी शिवणारी कापड वाचवीत होती आणि झगा शिवून घेणारी ओळख मिरवते. त्यात दोष नाही. मात्र समाजमाध्यमांवर 'थ्रिफ्ट' नावाने विकला जाणारा सगळाच माल आजीच्या पेटीतला नसतो. बराचसा परदेशी गठ्ठ्यातून निवडलेला असतो. जुने आणि स्थानिक हे दोन स्वतंत्र गुण आहेत, एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही.

आता तंतूचा निकष. सुती कापडाला वरील पाचांपैकी चार वाटा खुल्या असतात : परिधान, पुनर्रचना, चिंधी, तंतूकरण. लोकरीला परिधान आणि तंतूकरण. खऱ्या जरीच्या रेशमाला परिधान, पुनर्रचना आणि धातू. टेरिकॉट परिधानात दीर्घायुषी, पण पाणी फारसे शोषत नाही म्हणून चिंधीत दुबळे. निव्वळ पॉलिएस्टर त्याहून दुबळे. इलास्टेन मिसळलेली ताणाची जीन्स काही वर्षांत सैलावते, म्हणजे परिधानाची वाट लवकर बंद होते, आणि पिंजताना तो तंतू सुतापासून वेगळा निघत नाही. जितके मिश्रण अधिक तितक्या वाटा कमी. मागच्या दाराशी मिळणारे मोल पुढच्या सर्व वाटांच्या बेरजेतून ठरत असल्याने, दोन पिढ्यांपूर्वी ज्या बोचक्यावर स्टीलचे पातेले मिळे, तेवढ्याच आकाराच्या आजच्या बोचक्यावर प्लास्टिकचा टब मिळतो. गृहिणी याचा दोष बोहारणीच्या घासाघिशीला देते. तो बऱ्याच अंशी कापडाचा आहे.