जोडीने रंगविलेले पडदे

पुण्याहून नगरकडे निघालेला रस्ता येरवडा आणि वडगाव शेरी मागे टाकून ज्या गावापाशी येतो, ते खराडी एके काळी हवेली तालुक्याच्या दफ्तरात शेतसारा भरणारे, मुळा-मुठेच्या काठचे एक गाव म्हणून नोंदले जात होते. आज तेथे काचेच्या उत्तुंग इमारती उभ्या आहेत. अशा नव्या वसाहतींच्या प्रांगणांत आणि चौकांत भव्य कलाकृती उभारण्याची रीत हल्ली सर्वत्र रूढ होत आहे, आणि ती कामे पुष्कळदा दोघे कलावंत मिळून एकाच नावाने करतात, याचे आपल्याकडे थोडे नवल वाटते. वास्तविक हा पेशा महाराष्ट्राला अपरिचित नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर संस्थानात दोन चुलतभाऊ हेच करीत होते; त्यांचे काम मात्र कापडावर असे आणि ते नाटकगृहात टांगले जाई.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे ते दोघे. घराणे कारागिरांचे, चित्रकलेचे रीतसर शिक्षण कोणत्याही शाळेत झालेले नव्हते, परंतु 1910 ते 1916 या अवधीत केशवराव भोसले, बालगंधर्व आणि पारशी-गुजराती रंगभूमीवरील मंडळ्या यांच्यासाठी त्यांनी जे पडदे रंगविले, त्यांची कीर्ती अशी झाली की लोकांनी त्यांचे मूळ आडनाव बाजूस सारून ‘पेंटर’ हेच त्यांना बहाल केले, आणि ते पुढे कायमचे चिकटले.

पडदा म्हणजे काय, हे आजच्या वाचकास थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण नाटक मंडळीच्या सरंजामात नटांच्या खालोखाल खर्चाची आणि प्रतिष्ठेची वस्तू हीच होती. जाड कापडाच्या पट्ट्या एकास एक शिवून रंगमंचाच्या रुंदीचे वस्त्र तयार करावयाचे, त्यावर सरस आणि खडूचे अस्तर चढवावयाचे, आणि ते वाळल्यावर सरसात कालविलेले भुकटीचे रंग मोठमोठ्या कुंचल्यांनी लावावयाचे. रंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका दिसतो, हे ज्याला आधी उमगलेले नाही त्याचा दरबार दुसऱ्या दिवशी धुक्यात बुडालेला आढळे. शिवाय जो चितारी पडद्याला नाक लावून स्तंभाची कड ओढतो, त्याला तो स्तंभ शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकास सरळ दिसतो की कललेला, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्यासाठी दूर उभे राहून पाहणारा दुसरा डोळा हवा, आणि तो डोळा पहिल्या हाताइतकाच जाणता हवा. माझ्या मते जोडीची गरज नेमकी येथे उत्पन्न होते. गडी कितीही लावता येतात. बरोबरीचा माणूस मजुरीने मिळत नाही.

जंगल, रस्ता, महाल, दरबार असे पडदे मंडळीबरोबर गावोगाव हिंडत, बांबूला गुंडाळले जात, उलगडले जात, घड्यांवर रंगाचे पोपडे सुटले की पुन्हा सारवले जात, आणि अखेर जीर्ण होऊन संपत. चितारी हे जाणूनच काम हाती घेई. पश्चिमेकडील क्रिस्टो आणि झान-क्लोद या दांपत्याने 1972 साली कोलोरॅडोतील एका दरीवर नारिंगी कापडाचा प्रचंड पडदा ताणला, तो 28 तासांत वादळी वाऱ्यामुळे उतरवावा लागला आणि त्याची जगभर चर्चा झाली; आमच्या मंडळ्यांचे पडदे दर मुक्कामाला उतरत होते, त्याची चर्चा कोण करणार? त्या दांपत्याच्या बाबतीतही एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे: वर्षानुवर्षे श्रेय एकट्या क्रिस्टोच्या नावावर जमा होत राहिले आणि 1994 मध्ये दोघांनी मागील मोठी बाह्य कामेही संयुक्त नावाने जाहीर केली.

कोल्हापूरच्या जोडीला तेवढा अवकाश मिळाला नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यापासून दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला होता. त्यांनी मुंबईच्या बाजारातून एक प्रक्षेपकयंत्र आणून त्याच्यापासून कॅमेरा बनविण्याची खटपट चालविली असतानाच 1916 मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी पुढे तानीबाई कागलकरांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कॅमेराही सिद्ध केला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. विलक्षण हे की पडद्यांवर नाव मिळविलेल्या याच माणसाने चित्रपटातून रंगीत पडदा हद्दपार केला आणि त्याच्या जागी ज्यांत माणसे खरोखर वावरू शकतील असे भरीव देखावे उभारले.

त्या कॅमेऱ्याच्या उभारणीत बाबूरावांच्या जोडीला विष्णुपंत दामले होते. पेणचे दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, हे दोघेही पेंटर बंधूंच्याच पडद्यांवर हात बसवून तयार झालेले. 1928 मध्ये त्यांनी ‘कर्ण’ मिळून दिग्दर्शित केला. 1929 मध्ये शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन केली आणि 1933 मध्ये ती संस्था पुण्यास आणली. दामल्यांकडे ध्वनिलेखनाचे खाते, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शनाचे. ‘संत तुकाराम’ (1936) हा या दोघांचा चित्रपट. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातील देहू पाहताना मला नेहमी वाटते की अंगण, ओटा आणि देऊळ इतक्या बेताने मांडणाऱ्याला प्रेक्षक कोठे बसतो हे पडद्याच्या दिवसांपासून ठाऊक होते. शेवटचे वैकुंठगमन मात्र थेट नाटकातले आहे; तेथे जुनी हौस आवरली नाही, आणि आवरू नये असेच मी म्हणेन.

हा चित्रपट फिरत्या तंबूंतून खेड्यापाड्यांत गेला. खराडीसारख्या, पालखीच्या दिवसांत अर्धे घर वारीला जाणाऱ्या मुलुखातील प्रेक्षकांना तो कोणाचा, याची पृच्छा करण्याचे कारण नव्हते. तो तुकोबांचा होता आणि फार तर त्यांची भूमिका करणाऱ्या पागनिसांचा. ब्राह्मण कुळातला एक आणि मुसलमान घरातला दुसरा यांनी मिळून तो रचला, हे जाहिरातीत लिहिलेले असूनही लोकांनी त्याचा गाजावाजा केला नाही. शांतारामांचे नाव एकट्याने घेतले जाते. या दोघांचे मात्र आजही एका श्वासात, दामले-फत्तेलाल असेच घेतले जाते, आणि अर्धे श्रेय कोणाचे याचा हिशेब त्यांनी स्वतः कधी मांडलेला दिसत नाही.

दामले 1945 मध्ये वारले. प्रभातची घडी त्यापूर्वीच शांतारामांच्या जाण्याने विसकटली होती. पुढे कंपनी बंद पडली, आणि 1960 पासून तिच्या आवारात सरकारी चित्रपट संस्था नांदते आहे. साहेबमामा 1964 पर्यंत होते. मधल्या काळात त्यांनी ‘जगद्गुरु शंकराचार्य’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यावर दिग्दर्शक म्हणून नाव एकट्या फत्तेलालांचे आहे.