अजिंठ्याची कीर्ती आणि प्रत्यक्ष दर्शन

प्रसिद्ध स्थळे पाहून परतणाऱ्यांपैकी काहींचा अभिप्राय ‘ऐकले तेवढे नाही’ असा असतो. अजिंठ्यापुरते पाहता, या अभिप्रायाचे कारण लेण्यांत नसून त्यांच्या कीर्तीच्या इतिहासात सापडते.

१८१९ साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. त्यानंतर जगास अजिंठा परिचित झाला, तो मुख्यतः प्रतिकृतींच्या द्वारे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतील कित्येक १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. तथापि ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ मधील द्विखंडात्मक चित्रग्रंथाने ही कीर्ती दृढ केली.

छापील चित्रांतील उजळ रंग मनात ठेवून आलेल्या प्रेक्षकास अंधुक प्रकाशातील भिंती निराश करतात. शिवाय १९२०-२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणार्थ लावलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

परंतु पहिल्या लेण्यात गर्भगृहाच्या वाटेच्या दोहों बाजूंस दोन बोधिसत्त्व रंगविलेले असून त्यांच्यामधून दृष्टी आतील बुद्धमूर्तीकडे जाते. भित्तिचित्र, शिल्प व खोदीव अवकाश यांचा हा संबंध कोणत्याही प्रतीत उतरत नाही. सारांश, अतिशयोक्ती असलीच तर ती प्रतिकृतींच्या उजळपणात आहे, स्थळाच्या योग्यतेत नव्हे. प्रती दोनदा जळाल्या. मूळ मात्र एकच आहे, आणि ते पाहावयास अजिंठ्यासच गेले पाहिजे.