सहल नव्हे, धम्मयात्रा



सुट्टी आली की पोराबाळांना घेऊन कुठेतरी जावं, असं प्रत्येक घरात वाटतं. कुणी लांबचे किल्ले बघतो, कुणी राजवाडे. पण आपल्या वसई तालुक्यात काय आहे, हे आपल्या मुलांना आपण कधी दाखवलं का?

नालासोपारा पश्चिमेला एक टेकाड होतं. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं आणि आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी होती. तिच्यात एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि आठ धातूमूर्ती होत्या. त्यांत सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्याच वर्षी भातेला तलावाजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा विषय कोणता, तर प्रवास! पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला निघत. त्याला ‘विहारयात्रा’ म्हणत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीचे, म्हणजे बोधगयेचे दर्शन घेतले आणि धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांची विचारपूस करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माबद्दल बोलायचे, अशी ती यात्रा होती. पुढे १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, भुईगावला नववा शिलालेखही सापडला. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना केलेली कर्मकांडं फोल आहेत; नोकरचाकरांशी नीट वागणे आणि थोरांचा मान राखणे हेच खरे मंगल, असे तो सांगतो.

वसईचा किल्लाही जरूर पाहावा. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथेच. तटाच्या आत डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट साधूंचे मठ आणि चर्च पडक्या अवस्थेत उभे आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत नावे कोरलेली थडगी आहेत. पण तटाचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले, त्यांची नावे कुठे आहेत? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

आणि ही जागा आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या श्रद्धेची आहे, हे विसरू नये. दुसऱ्याच्या पंथाचा मान राखा, असे अशोकाने बाराव्या लेखात सांगितले आहे. मग भिंतीवर नाव खरडायचे कशाला? स्तूपाच्या विटांवर चढायचे कशाला?

म्हणून येत्या सुट्टीत चार घरांनी मिळून निघावं. सकाळी स्तूप पाहावा, वंदन करावं, भोवतालचा कचरा उचलावा. दुपारी किल्ला पाहावा. सोबत म्हाताऱ्या माणसांना न्यावं आणि त्यांच्याकडून जुन्या गोष्टी ऐकाव्यात. तिकीट फार नाही, वाट लांब नाही. ज्या मातीत धम्मयात्रेचा लेख सापडला, त्या मातीतल्या माणसांनी नुसती सहल करून कसं चालेल?

जयभीम! नमो बुद्धाय!