खडकसिंगाच्या दारावरची थाप

‘लपवण्याजोगे काही नसेल तर पाळतीचे भय कशाला?’ असे कोणी विचारले की आम्हांला खडकसिंग आठवतो. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून पकडले होते. पुरावा नव्हता, म्हणून सोडून दिले. दप्तर मात्र मिटले नाही. पोलिसांनी त्याच्या नावे ‘हिस्ट्रीशीट’ उघडली. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत, झोपेतून उठवीत, कधी ठाण्यावर चलायला सांगत. परगावी जायचे तर कोठे जाणार आणि केव्हा परतणार, हे आधी कळवावे लागे.

अखेर तो सर्वोच्च न्यायालयात गेला. पोलीस नियमावलीतला २३६वा नियम तेथे तपासला गेला. त्यात घरावर गुप्त पहारा होता, रात्रीची भेट होती, जाण्यायेण्याची नोंद होती. शिवाय माणसाचा लौकिक, सवयी, संगत, प्राप्ती, खर्च आणि व्यवसाय यांची वेळोवेळी चौकशी. (पोलिसी कागदात ‘लौकिक’ हाही चौकशीचा विषय असावा, याची आम्हांला मौज वाटली.)

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीची भेट घटनाबाह्य ठरली. बाकी सारे बहुमताने टिकले. गुप्त पहारा ज्याच्यावर आहे त्याला तो कळतच नाही, मग त्याच्या संचाराला अडथळा कसला, असा युक्तिवाद होता. आणि खासगीपणाचा हक्क आपल्या राज्यघटनेने हमी दिलेला नाही, असेही म्हटले गेले. न्या. सुब्बा राव यांना हे पटले नाही. ज्याच्या पावलापावलावर पोलिसांची नजर आहे तो मोकळा हिंडतो असे म्हणता येत नाही, असे त्यांचे मत होते; न्या. शहा त्यांच्यासोबत होते. आमच्या मते अल्पमताने माणूस अधिक ओळखला होता. थाप निदान ऐकू येते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. जी पाळत ऐकूच येत नाही तिलाच बहुमताने निरुपद्रवी ठरवले.

आज त्या यादीतली संगत फोनच्या नोंदींत सापडते, खर्च बँकेच्या संदेशांत, आणि जाणेयेणे मोबाइलच्या मनोऱ्यांत. चौकीदाराला झोपमोड करण्याचे कारण उरलेले नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे त्या योजनेवर खटला उभा राहिला, तेव्हा २०१५ साली सरकारने खडकसिंगाच्याच निकालाचा आधार घेऊन खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे सांगितले. एका पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाची फिर्याद अशी साऱ्या देशाच्या विरोधात वापरली गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकालाचा तेवढा भाग रद्द केला. मात्र २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात, देशाची सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकारला आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा आहे. कोणाच्या नावे कोणती शीट उघडली आहे, हे खडकसिंगाला ठाऊक होते.