एडगर टी. व्हेरी पुरस्कार

एडगर टी. व्हेरी पुरस्कार हा नेचे अर्थात फर्न आणि त्यांच्याशी साधर्म्य असणाऱ्या अबीजी वाहिनीवंत वनस्पतींवरील उत्कृष्ट संशोधनासाठी अमेरिकेत दिला जाणारा पुरस्कार आहे. बोटॅनिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेचा नेचा-विभाग आणि अमेरिकन फर्न सोसायटी यांच्या वतीने तो देण्यात येतो. वार्षिक अधिवेशनात नेचा-विभागाच्या सत्रामध्ये सादर झालेल्या निबंधांपैकी सर्वोत्तम निबंधाची त्यासाठी निवड होते. म्हणजे हा जीवनगौरव नव्हे; त्या वर्षी मांडलेल्या एका कामाची ही पावती आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर थिओडोर व्हेरी (१८८५–१९८२) यांनी नेच्यांच्या प्रादेशिक नोंदी व त्यांच्या उत्क्रांतीचा माग या दोन्ही अंगांनी केलेल्या कामाच्या स्मरणार्थ पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

नेच्यांना फूल, फळ वा बी येत नाही. पानांच्या मागील बाजूस दिसणाऱ्या तपकिरी ठिपक्यांमधून किंवा रेषांमधून सूक्ष्म बीजुके बाहेर पडतात व त्यांतून नखाएवढी, हिरवी, पापुद्र्यासारखी एक स्वतंत्र पिढी उगवते. पुं-पेशी व अंडपेशी या पिढीवर तयार होतात, आणि पाण्याच्या थेंबातून पोहत जाऊन पुं-पेशीने अंडपेशी गाठली, म्हणजे पुन्हा नेच्याचे ओळखीचे रोप जन्मते. महाराष्ट्रात पावसाळ्यात ओल्या दरडींवर दिसणारा हंसराज याच पद्धतीने वाढतो. जगात नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती ज्ञात आहेत. त्यांतील फारच थोड्यांना बाजारात किंमत असल्याने या गटाचा अभ्यास बव्हंशी जिज्ञासेच्या बळावर चालत आला आहे. अमेरिकन फर्न सोसायटीची स्थापना १८९३ मध्ये झाली आणि तिचे नियतकालिक ‘अमेरिकन फर्न जर्नल’ १९१० पासून निघते. हौशी संग्राहक आणि व्यावसायिक संशोधक एकाच नियतकालिकात लिहितात, ही परंपरा तेथे प्रारंभापासूनची आहे.

एडगर व्हेरी

व्हेरी यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांचे मूळ क्षेत्र वनस्पतिशास्त्र नव्हते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी १९०९ मध्ये खनिजविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी अध्यापन केले, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात व नंतर अमेरिकेच्या कृषी खात्यात रसायनविषयक काम केले. ‘व्हेरीआइट’ हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३० मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनाकडे वळले व १९५५ मध्ये निवृत्त झाले. काही काळ ते अमेरिकन फर्न सोसायटीचे अध्यक्षही होते. त्यांची ‘द फर्न गाइड’ (१९६१) व ‘द सदर्न फर्न गाइड’ (१९६४) ही पुस्तके वयाच्या पंचाहत्तरीनंतर प्रसिद्ध झाली.

खनिजांच्या अभ्यासाने व्हेरींना जी दृष्टी दिली, ती त्या काळच्या अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांपाशी नव्हती. रंगद्रव्यांच्या साहाय्याने मातीची आम्लता जागेवरच मोजण्याची साधने ते बरोबर नेत आणि खडकाच्या भेगेत उगवलेल्या नेच्याच्या मुळाशी असलेली चिमूटभर माती तपासत. खडकांवर वाढणाऱ्या नेच्यांच्या मातीविषयीचे त्यांचे लेख १९२० मध्ये ‘अमेरिकन फर्न जर्नल’मध्ये आले. कोणता नेचा चुनखडीवर राहतो आणि कोणता आम्लधर्मी वालुकाश्मावर, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण ॲपलेशियन पर्वतातील एका जुन्या कोड्याची उकल व्हायला अशा नोंदी उपयोगी पडल्या.

ॲपलेशियन पर्वतातील ॲस्प्लेनियम

पूर्व अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतरांगेत ॲस्प्लेनियम या प्रजातीचे अनेक लहान नेचे खडकांच्या फटींत वाढतात. त्यांतील तीन एकमेकांहून अगदी वेगळे आहेत. ॲस्प्लेनियम मोंटेनम हा आम्लधर्मी खडकांवरील बुटका नेचा. त्याची पाने दोनदा विभागलेली असतात. ॲस्प्लेनियम रायझोफायलम याचे पान अखंड व निमुळते असून त्याचे टोक जमिनीला टेकले की तेथे मुळे फुटून नवे रोप होते. तो मुख्यतः चुनखडीवर राहतो. या वेगळेपणामुळे त्याला पूर्वी कॅम्प्टोसोरस या स्वतंत्र प्रजातीत घालीत. तिसरा ॲस्प्लेनियम प्लॅटिन्यूरॉन. त्याचा देठ काळपट, चकचकीत असतो, पाने एकदाच विभागलेली असतात आणि मातीच्या बाबतीत तो फारसा चोखंदळ नाही.

अडचण होती ती या तिघांच्या अधल्यामधल्या दिसणाऱ्या रोपांची. ॲस्प्लेनियम पिनॅटिफिडम व ॲस्प्लेनियम ब्रॅडलीआय या दोन रूपांना स्वतंत्र जाती मानले जाई. त्यांखेरीजही काही दुर्मीळ रूपे सापडत. कोणाला ती नवी जाती वाटे, तर कोणाला निव्वळ विकृती. व्हेरींनी १९२५ मध्ये ‘ॲपलेशियन ॲस्प्लेनियम’विषयी लेख लिहून यांपैकी ट्रुडेली या रूपाला नाव दिले. ते रूप मोंटेनम व पिनॅटिफिडम यांच्या मधले होते. पुढे ते त्या दोहोंचा संकर ठरले. मधल्या रूपांकडे अपवाद म्हणून न पाहता त्यांची साखळी मांडून पाहणे, हे व्हेरींच्या या कामाचे महत्त्व होय.

नेच्यांत संकर होतो याचा एक सबळ पुरावा तोवर उपलब्ध होता. फिलाडेल्फियाजवळ १८६० च्या दशकात आर. रॉबिन्सन स्कॉट यांना सापडलेला ॲस्प्लेनियम एबेनॉइडीस हा नेचा प्लॅटिन्यूरॉन आणि रायझोफायलम यांच्या मधला दिसे. मार्गारेट स्लॉसन यांनी १९०२ मध्ये या दोन नेच्यांचा संकर प्रयोगाने घडवून तसेच रोप वाढवून दाखवले. मात्र वन्य स्थितीत स्थिरपणे पसरलेल्या पिनॅटिफिडम व ब्रॅडलीआय या जातीही संकरातून आल्या असतील काय, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. संकर बहुधा वंध्य असतो. वंध्य वनस्पतीची जाती कशी होणार?

गुणसूत्रांची साक्ष

उत्तर गुणसूत्रांत होते. इंग्लंडमधील आयरीन मॅन्टन यांचा नेच्यांच्या पेशीविज्ञानावरील ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि नेच्यांची गुणसूत्रे नेमकी मोजता येतात हे सर्वांना पटले. मिशिगन विद्यापीठातील वॉरन एच. वॅग्नर यांनी तीच पद्धत ॲपलेशियन नेच्यांना लावली. त्यांचा निबंध ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात १९५४ मध्ये आला. मोंटेनम, रायझोफायलम व प्लॅटिन्यूरॉन हे तिन्ही द्विगुणित असून त्यांच्या पेशीत ७२ गुणसूत्रे असतात. साध्या संकरातही ७२ असतात, परंतु ३६ एका पालकाची व ३६ दुसऱ्याची असल्याने बीजुके तयार होताना त्यांच्या जोड्या जुळत नाहीत. बीजुके खुरटी निघतात आणि रोप वंध्य राहते. अशा संकरात गुणसूत्रांचा संच दुप्पट होऊन १४४ झाला, तर प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो आणि वंध्यत्व संपते. पिनॅटिफिडम हा मोंटेनम व रायझोफायलम यांच्यापासून, तर ब्रॅडलीआय हा मोंटेनम व प्लॅटिन्यूरॉन यांच्यापासून याच रीतीने झालेला चतुर्गुणित नेचा होय, असे वॅग्नर यांनी मांडले. या चतुर्गुणितांचे पुन्हा मूळ जातींशी संकर झाले की त्रिगुणित, वंध्य रूपे निर्माण होतात. ट्रुडेलीचे कोडे असे सुटले.

या नात्यांची आकृती काढली तर ती फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षासारखी दिसत नाही. फांद्या पुन्हा एकमेकींना मिळून जाळे तयार होते. म्हणून या प्रकाराला जालरूप उत्क्रांती म्हणतात. पाठ्यपुस्तकांत उत्क्रांती समजावताना वृक्षाचेच चित्र पुढे ठेवले जाते. नेच्यांपुरते तरी ते चित्र अपुरे आहे.

१९५४ मध्येच त्रिवेंद्रम येथील ए. अब्राहम व सी. ए. निनान यांनी ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या वनस्पतीत बाराशेहून अधिक गुणसूत्रे असल्याचे ‘करंट सायन्स’मध्ये नोंदवले. संच वाढण्याची ही प्रवृत्ती नेच्यांमध्ये किती दूरवर जाते, याची त्यावरून कल्पना यावी.

पुढील पडताळणी

वॅग्नर यांच्या मांडणीची परीक्षा पुढे निरनिराळ्या मार्गांनी झाली. डेल स्मिथ व डोनाल्ड लेविन यांनी १९६३ मध्ये पानांतील रासायनिक द्रव्ये वर्णलेखनाने वेगळी करून पाहिली. संकरज नेच्यांत दोन्ही पालकांची द्रव्ये एकत्र आढळली. चार्ल्स वर्थ व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एंझाइमांच्या तुलनेवरून त्याला पुष्टी दिली. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: अशी चतुर्गुणित जाती एकदाच जन्मलेली नसून वेगवेगळ्या ठिकाणी त्याच पालकांपासून पुनःपुन्हा निर्माण झालेली आहे. जातीचा उगम एकाच वेळी, एकाच पूर्वजापासून होतो या समजुतीला त्यामुळे मोठाच धक्का बसला. ब्रॅडलीआय व मोंटेनम यांच्या संकराला स्मिथ यांनी व्हेरींचे नाव दिले असून तो ॲस्प्लेनियम व्हेरीआय म्हणून ओळखला जातो.

हॅवाना ग्लेनचा नेचा

स्कॉट यांना सापडलेला एबेनॉइडीस जेथे जेथे आढळला, तेथे तो एकटादुकटा व वंध्य होता. अपवाद अलाबामा राज्यातील हेल परगण्यातल्या हॅवाना ग्लेन या घळीचा. तेथे तो मोठ्या संख्येने वाढतो आणि त्याची बीजुके रुजतात. ज्युलिया टटवाइलर यांना तो तेथे १८७३ मध्ये सापडला. स्त्रीशिक्षण व तुरुंगसुधारणा या क्षेत्रांतील कामासाठी त्या अलाबामात आजही ओळखल्या जातात. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एबेनॉइडीसच्या वंध्य रोपापासून सुफल, चतुर्गुणित रोप आपोआप निर्माण होते हे १९५७ मध्ये प्रत्यक्ष लागवडीत दाखवले, तेव्हा हॅवाना ग्लेनमध्ये काय घडले असावे याचा उलगडा झाला. वंध्य संकर आणि सुफल जाती यांना एकच नाव असणे गैरसोयीचे होते. अखेर २००७ मध्ये ब्रायन कीनर व लॅरी डेव्हनपोर्ट यांनी हॅवाना ग्लेनच्या नेच्याला स्वतंत्र जातीचा दर्जा देऊन त्याचे ॲस्प्लेनियम टटवाइलरी असे नामकरण केले.