काचेतला समुद्र आणि पाणी ओतणारे हात

आमच्या पेठ वडगावात समुद्र येतो तो बाजाराच्या वाटेनं. कधी मिठाच्या पिशवीतून, कधी सुक्या बोंबलाच्या वाट्यातून. खरा समुद्र राहिला घाटाखाली. रंगीत माशांची काचेची पेटी आपण दुकानात, दवाखान्यात पाहतो, पण ती बहुतेक गोड्या पाण्याची असते. खाऱ्या पाण्याची पेटी राखणं अवघड. मग ती आधी जमवली कुणी? ही गोष्ट बायकांच्या हातांपासून सुरू होते.

जान व्हिलप्रू ही फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या चांभाराची मुलगी. जन्म १७९४चा. पॅरिसला जाऊन ती कपडे शिवू लागली, भरतकाम करू लागली. एका राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिनं भरला आणि तिचं नाव झालं. लग्नानंतर ती इटलीच्या सिसिली बेटावर राहायला गेली. तिथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा आठ हातांचा जीव असतो. त्याचं कागदासारखं पातळ कवच तो स्वतः करतो की दुसऱ्याचं चोरतो, यावर विद्वानांचा वाद चालला होता. जान म्हणाली, जिवंत जीव पाहिल्याशिवाय कसं कळणार? १८३२ साली तिनं समुद्राचं पाणी भरून काचेची पेटी केली आणि त्यात ते जीव ठेवून पाहिलं. कवच तो जीव स्वतःच करतो, फुटलं तर डागडुजीही करतो, हे तिनं दाखवून दिलं. आणि हे कवच करते ती मादीच, बरं का!

दुसरी बाई लंडनची, अ‍ॅना थिन. बड्या घरातली. १८४६ साली तिनं समुद्रकाठाहून प्रवाळाचे जिवंत जीव घरी आणले. ते पाण्यात आपटून मरू नयेत म्हणून सुई-दोऱ्यानं स्पंजावर टाचून बसवले. पण लंडन समुद्रापासून लांब. रोज ताजं खारं पाणी आणायचं कुठून? तेव्हा तिनं युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आपण चहा या कपातून त्या कपात करतो ना, तसं. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले. करायची घरची मोलकरीण. पुढल्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रातलं शेवाळ सोडलं, कारण शेवाळ उजेडात प्राणवायू सोडतं. असे ते जीव लंडनमध्ये जगले. आपल्या मदतनीस मुलीला या कामाची गंमत वाटायची, असं बाईंनी लिहून ठेवलं. मुलीला खरंच काय वाटायचं, ते तिच्या तोंडून कुणी लिहून घेतलं नाही.

पुढं १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. फिलिप गॉस यांनी क्षार मोजून मिसळून समुद्रासारखं पाणी तयार करायची रीत सांगितली. नुसतं स्वयंपाकाचं मीठ त्याला चालत नाही, मॅग्नेशियमसारखे इतर क्षारही लागतात. आपल्याकडं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. समुद्राच्या अगदी समोर, मरीन ड्राइव्हवर. आपल्याला जवळ म्हणजे रत्नागिरी. तिथं कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्राचं मत्स्यालय आहे. आंबा घाट उतरून गटाची सहल काढली तर जरूर पाहावं.

आता निगेचं सांगतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हायड्रोमीटरवर ते १.०२५च्या आसपास दिसतं. पेटीतलं पाणी उडून कमी झालं की वरून गोडंच पाणी घालायचं, खारं नाही. हे शिरोळ-हातकणंगल्याच्या बाईला नव्यानं शिकवायला नको. उसाला पाणी जास्त झालं आणि निचरा नसला, की पाणी उन्हानं उडतं, क्षार वर राहतो आणि रान पांढरं पडतं. पेटीचंही तेच: पाणी जातं, मीठ जात नाही.

दुसरं, माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी. दगडांवर, वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं कमी घातक नायट्रेट करतात, जसं उकिरड्यात शेण कुजून खत होतं. हे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून पेटी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. पुढंही आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. नवं पाणी आदल्या दिवशी वेगळ्या बादलीत कालवून ठेवायचं. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं, ते आधी काढायचं. खाणं चिमूटभरच. उरलेलं खाणं कुजतं, तीच पुन्हा घाण. आणि हवेचा पंप बंद ठेवायचा नाही. त्या मोलकरणीचं काम आता तो पंप करतो. वीज गेली, तर मात्र पुन्हा तांब्या आपल्याच हातात.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर मत्स्यशास्त्रज्ञांनी तिथल्या बायकांना शोभेची कोळंबी आणि क्लाउनफिश वाढवायला शिकवलंय. तिथं हे काम हौसेचं नाही, कमाईचं आहे.

आपल्याला वडगावात समुद्र पाळायचा नसेलही. पण शेळी, कोंबडी, गांडूळखत, जे पाळू त्याला रोजचा अर्धा-पाऊण तास कुणीतरी देतंच. गटाच्या वहीत पैसे भरणारीचं नाव असतं. त्या अर्ध्या-पाऊण तासाचं नाव आणि मोलही त्याच पानावर लिहायला हवं. लंडनच्या त्या मुलीचं नाव आज आम्हाला सांगता आलं नाही. आपल्या गटात तरी तसं होऊ देऊ नका.